काकांचे बिशप महाराज

"कडेनं धरा."

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या त्या गल्लीत आम्ही राहायला गेलो, तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी नागपूरची. नव्या शेजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आमच्या आईनं डोक्यात पक्कं बसवलेलं. म्हणून साबुदाणावड्यांचं ताट घेऊन गेले होते. ताट काकूंनी घेतलं आणि काकांनी माझं नावगाव विचारायच्या आधीच शर्टाच्या खिशातून एक कळकट नाणं काढून माझ्यापुढे केलं. मी आपला सरळ तळवा पसरला. त्यांनी मान हलवली, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ते नाणं उभं धरून दाखवलं आणि म्हणाले, "तळव्यावर नाही. कडेनं धरा."

मी धरलं. मनात म्हटलं, अरे बाप्पा, कुठं येऊन पडलो आपण.

माणसाच्या हाताला घाम येतो, घामात मीठ असतं आणि मीठ धातू खातं, असं काका मला समजावून सांगायला लागले. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "आले का महाराज बाहेर? अहो, तिला बसू तरी द्या."

काका निवृत्त इंजिनियर, मूळचे मिरजेचे. तेलाच्या पाइपलाइनींना गंज का लागतो आणि तो कसा थांबवायचा, आयुष्यभर हेच काम. "आमची चूल गंजावर पेटली," असं स्वतःच सांगायचे. ह्यूस्टनची ती चिकट, दमट हवा बघता त्यांना कामाचा तुटवडा कधी पडला नसणार. निवृत्त झाले तरी डोळे तेच राहिले. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा नवा सोफा नाही पाहिला की माझ्या नवऱ्यानं हौसेनं टांगलेली चित्रं नाही पाहिली. तडक मागच्या अंगणात गेले, ग्रिलच्या पायापाशी वाकले आणि "हा इथून जाणार" म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात तो तिथूनच गेला, भरल्या कणसांसकट. नवऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

आणि सगळं काही कडेनं धरायचं. फोटो, सीडी, हे एक वेळ समजू शकतं. काका पोळीसुद्धा कडेनं धरायचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी हौसेनं त्यांच्याकडे बाळ दिलं, तर दोन्ही हात लांब करून असं धरायचे की बाळही घाबरायचं आणि काकाही. बोलणंही तसंच. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मला कायम "अहो". अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वाईट नसतात, उलट फार सज्जन असतात, पण त्यांच्या जवळ जायचं म्हणजे मधे एक काचेचं दार असल्यासारखं वाटतं. त्यांचा मुलगा निखिल नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला असायचा. रविवारी त्याचा फोन आला की काका तिकडचं तापमान विचारत, इकडचं सांगत, गाडीचं ऑइल बदललं का म्हणत आणि "आईला देतो" म्हणून मोकळे होत.

निखिलनं एमिलीशी लग्न केलं तेव्हा मंडळात थोडी कुजबुज झाली. काकांनी मात्र काहीही आडकाठी केली नाही, बरं का. चर्चमधल्या लग्नाला आणि हॉलमधल्या लग्नालाही तोच करडा सूट घालून उभे राहिले. एमिली ओहायोची, शाळेत लहान मुलांना शिकवायची. घरी आली की काका सोफ्याच्या टोकावर बसून तिच्याशी हवामानावर बोलत आणि हवामान संपलं की पेपर उघडत. काकूंचं अगदी उलटं. त्यांनी पहिल्याच भेटीत तिला ॲप्रन बांधून ओट्यापाशी उभं केलं. दोन दिवाळ्यांत त्या पोरीला करंजीची कड मुरडता येऊ लागली. मला अजून नीट येत नाही.

एमिलीशी काका एकदाच आपणहून बोलले. तिच्या पणजोबांचं घराणं जर्मनीतून आलं असं तिनं सहज सांगितलं, तर काका ताडकन उठले आणि महाराजांना घेऊन आले.

महाराज म्हणजे ते नाणं. आता तुम्हाला त्याची ओळख करून द्यायला हवी. जुन्या जर्मनीत म्हणे असे बिशप असत, जे धर्मगुरूही असत आणि राजेही. "मठाधिपती आणि संस्थानिक एकाच अंगरख्यात," असं काका सांगायचे. मुलूख केवढा, तर आपल्या मिरज संस्थानाएवढा धरा. पण स्वतःची टांकसाळ, स्वतःचं नाणं आणि नाण्यावर स्वतःचा चेहरा. मग लढाया सुरू झाल्या, चांदी पुरेना, तेव्हा या बिशपांनी चांदीत तांबं मिसळायला सुरुवात केली. होता होता रुपयातली चार आणे चांदी उरली आणि बारा आणे तांबं. पण लोकांना तर पांढरं नाणं हवं. त्यावरची युक्ती सांगताना काकांचा चेहरा खुलायचा. वाइनच्या पिंपाला आतून जो आंबट खार धरतो, तो आणि मीठ पाण्यात घालून त्यात ही नाणी उकळायची. वरवरचं तांबं निघून जायचं, चांदी तेवढी वर राहायची आणि नाणं कसं पांढरंफेक. चार हातांतून फिरलं की मात्र बिशपांचं नाक आधी लाल व्हायचं, कारण चेहऱ्यात नाकच सगळ्यात वर.

आमच्या काकांचे महाराज काही लाल नव्हते. काळपट तपकिरी, कढईच्या बुडासारखे. त्यातून बारकाईनं पाहिलं तर एक फुगीर गाल आणि टोपीचं टोक दिसायचं. एमिलीनं ते कडेनं धरून नीट पाहिलं, दोन प्रश्न विचारले. काका खूश झाले. पण तेवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवामान.

त्या घरी लक्ष्मीपूजनाला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा एक ठरलेला संवाद ऐकला. काकू ओट्याशी उभ्या राहून पूजेचं चांदीचं नाणं घासत असायच्या. त्यांच्या माहेरचं, लक्ष्मीची छाप असलेलं. कितीही पावडरी बाजारात येवोत, काकूंना चिंच आणि मीठच लागायचं. अंगठा मागे वाकवून गोल गोल घासायच्या, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात, आणि मधूनच करंगळीनं चोथा बाजूला सारायच्या. मग काका दारात येऊन विचारायचे, "यंदा बसवायचे का आमच्या महाराजांना लक्ष्मीपुढं?" काकू मान वर न करता म्हणायच्या, "हिणकस नाणं माझ्या लक्ष्मीपुढं नको." काका हसून निघून जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या नवराबायकोची चेष्टा, दुसरं काय.

२००४ च्या मार्चमध्ये काकू गेल्या. साधा खोकला म्हणून दाखवायला गेल्या आणि कुणाला काही कळायच्या आत सगळं आटोपलं. सगळे विधी काकांनी नीट केले. काकूंची सगळी चांदी बँकेच्या लॉकरात ठेवून आले, त्यांच्या साड्या निखिलला आणि मला वाटून टाकायला सांगितल्या. ते महाराज मात्र खिशातून निघाले आणि टेबलावर काकूंच्या फोटोशेजारी जाऊन बसले. त्या वर्षी दिवाळी केलीच नाही.

आता प्रश्न होता काकांचा. निखिल म्हणायचा, बाबा, घर विका आणि कॅरीला या. काका म्हणायचे, बघू. मी डबा घेऊन जायची. काका तो कडेनं धरून आत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत करायचे. वजन उतरत चाललं होतं. एकदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. मी जरा चढ्या आवाजात बोलले, तर शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी एकदा सरळच विचारलं, मुलाकडे का जात नाही. हातातला डबा ओट्यावर नीट ठेवला. मग म्हणाले, "ते घर तिचं आहे. मी तिथं पाहुणा म्हणून किती दिवस बसणार सोफ्यावर?" ती म्हणजे एमिली. नाव ते क्वचितच घेत.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मोठं वादळ येतंय म्हणून सगळं ह्यूस्टन गाड्या घेऊन रस्त्यावर उतरलं. काका निघायला तयार नव्हते. निखिल मला फोन करून करून रडकुंडीला आला. शेवटी मीच जाऊन त्यांना गाडीत बसवलं. बरोबर काय घेतलं, तर ब्लडप्रेशरच्या गोळ्या, काकूंचा फोटो आणि महाराज. सकाळी निघालो आणि दुपारी मागे वळून पाहिलं तर आमचं नेहमीचं किराणा दुकान अजून दिसतंय. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद, काचा खाली, माणसं रस्त्यावर उतरून पायी फिरताहेत. मागच्या सीटवर बसून काका ते नाणं बघत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, एवढं काय आहे हो त्या नाण्यात?

तेव्हा त्यांनी सांगितलं. अमेरिकेतली त्यांची पहिली दिवाळी. पाडव्याला बायको ओवाळणार, तबकात काहीतरी घालायला हवं आणि खिसा तर रिकामा. रविवारच्या जुन्या बाजारात एका टोपीवाल्या म्हाताऱ्यानं चांदीचं म्हणून हे नाणं दिलं. काकूंनी ओवाळलं, यांनी तबकात टाकलं. पुढच्या आठवड्यात सहज म्हणून कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासलं, तर बारा आणे तांबं. इंजिनियर माणूस, धातूतच फसला. घरी येऊन कबूल केलं, तर काकू हसून हसून जमिनीवर बसल्या. "हिणकस दिलंत की हो मला," म्हणाल्या आणि नाणं त्यांच्या शर्टाच्या खिशात परत टाकलं. तेव्हापासून दर पाडव्याला काका तबकात खरी ओवाळणी घालायचे, तिच्यावर महाराजांना ठेवायचे, आणि काकू महाराजांना उचलून पुन्हा खिशात टाकायच्या. इतकी वर्षं.

"तिनं कधी कडेनं धरलं नाही," काका म्हणाले. "कितीदा सांगितलं. सगळ्या बोटांनी धरायची. म्हणून मी हे कधी घासलं नाही."

मी पुढे बघत राहिले. रस्ता काही हलत नव्हता. खोटं कशाला सांगू, त्या गर्दीत स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी रडले.

वादळ आमच्या बाजूला फिरकलं नाही, घरं शाबूत राहिली. पण निखिलनं ठरवलं, आता पुरे. दिवाळीला येतो आणि बाबांना घेऊनच जातो. इथं दिवाळी पंचांगात कुठल्याही वारी असो, घरात ती शनिवारीच येते, हे तुम्हाला माहीत आहेच. शुक्रवारी दोघं आली. त्या संध्याकाळी बापलेकांचं बोलणं झालं असावं आणि ते काही नीट झालं नसावं. कारण सकाळी निखिल बाहेर येऊन मला म्हणाला, "नाही म्हणतात. परत विचारणार नाही मी."

दुपारी मी चिवडा घेऊन त्यांच्याकडे गेले. एमिली ओट्याशी उभी होती. काकूंचाच ॲप्रन, पुढ्यात वाटीत चिंचेचा कोळ, बाजूला मीठ. मला बघून आनंदानं म्हणाली की पूजेचं सगळं मांडलं, फक्त नाणं सापडत नव्हतं, शेवटी मिळालं. आणि ओला हात पुढे केला.

हातावर महाराज होते. तपकिरी रंगाचा मागमूस नाही. सगळं नाणं पांढुरकं, कोरं. बिशपांचा गाल, टोपी, टोपीवरची नक्षीसुद्धा स्वच्छ दिसत होती. आणि नाक लालबुंद.

तिचं काय चुकलं, सांगा? पूजेला नाणं लागतं, ते चिंचमिठानं घासून ठेवायचं असतं, हे तिला सासूनंच शिकवलेलं. सासूचं नाणं लॉकरात, शनिवारी बँक बंद, आणि हे तर सासूच्या फोटोशेजारी मांडलेलं. तिला वाटलं, आता पूजेला हेच घ्यायचं.

मी काही बोलायच्या आत निखिल आला. त्यानं नाणं पाहिलं आणि पांढराफटक पडला. "एमिली, हे काय केलंस तू?" एवढंच म्हणाला, पण ज्या आवाजात म्हणाला त्यानं तिला कळायचं ते कळलं. तिनं नाणं ओट्यावर ठेवलं आणि हात पाठीमागे घेतले. लहान मुलांना शिकवणारी बाई, पण त्या क्षणी तीच वर्गात उभी केलेली पोर दिसत होती. आणि दारात काका.

ते सावकाश पुढे आले. चिमटीत नाणं उचललं, खिडकीशी गेले, उजेडात फिरवून दोन्ही बाजू पाहिल्या. मला वाटलं, संपलं. आता हे "ठीक आहे" म्हणतील, पेपर उघडतील आणि या घरात पुन्हा दिवाळी व्हायची नाही.

काकांनी वळून इंग्रजीत विचारलं, कशानं घासलं?

चिंच आणि मीठ, ती म्हणाली. "आईंनी दाखवलं होतं." हे दोन-चार शब्द तिनं मराठीत म्हटले.

"कसं?" काका म्हणाले. "मला दाखव."

तिला आधी कळेना. मग तिनं देवाचं निरांजन घेतलं, बोटावर कोळ घेतला आणि घासायला लागली. अंगठा मागे वाकवून, गोल गोल. डोळ्यांत पाणी होतं, पण हात चालत होता. काही वेळानं जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात आलं. तिला स्वतःला ते माहीतही नसणार. आणि मग करंगळीनं चोथा बाजूला सारला.

काका खुर्चीत बसले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा तिच्या हाताकडे बघत बसले. बघता बघता रडायला लागले, अगदी उघड, आवाज करून. काकू गेल्या तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. निखिल जवळ गेला, तर त्याला हातानं थांबवलं आणि एमिलीला बोलावलं.

तिचा चिंचेचा हात त्यांनी ओढून घेतला. ते नाणं तिच्या ओल्या तळव्यावर सपाट ठेवलं, तिची बोटं त्यावर मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. इंग्रजी विसरून मराठीतच बोलले, "टांकसाळीतही असंच उजळायचे. तुझी सासू याला आत घ्यायची नाही. आता तू घे."

तिला किती समजलं कोण जाणे. पण ती देव्हाऱ्याकडे गेली आणि महाराजांना लक्ष्मीपुढं ठेवलं, लाह्याबत्ताशांच्या शेजारी. संध्याकाळी पूजा झाली. बिशपांचं आधीच लाल नाक, त्यावर हळदकुंकू. मला एकदम हसू फुटलं आणि माझ्यामागून काकाही हसले. रविवारी सकाळी निखिलनं काहीही विचारलेलं नसताना काकांनीच त्याला विचारलं, कॅरीच्या घरात तळमजल्याला खोली आहे ना?

नवीन वर्ष लागलं तसं घर विकलं गेलं. जाताना काकांनी कढीपत्त्याची कुंडी मला दिली. पुढं कॅरीहून फोन यायचे आणि त्यात हवामान नसायचं. "काय गं, कढीपत्ता जगला का?" असं सुरू व्हायचे आणि एमिलीच्या शाळेतल्या पोरांच्या गोष्टी सांगत बसायचे. मला "गं" म्हणायला त्यांना इतकी वर्षं आणि एवढं अंतर लागलं. २००७ च्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, असं निखिल म्हणाला.

त्याच्या पुढच्या वर्षी कामासाठी मला तिकडे जावं लागलं. दिवाळीचेच दिवस होते. एमिलीकडे उतरले. गेले तेव्हा ती ओट्याशीच होती, तोच ॲप्रन, तीच वाटी. दरवर्षी घासून घासून महाराजांचं नाकच काय, गाल आणि टोपीही लाल झाली होती. आता चेहरा फारसा कळत नव्हता. काकूंचं चांदीचं नाणं शेजारी घासून ठेवलं होतं. तिनं महाराजांना पाण्यातून काढलं आणि माझ्यापुढे केलं.

माझा हात आपोआप पुढे गेला, अंगठा आणि तर्जनी. एमिली हसली. आता तिचं मराठी बरंच सुधारलं होतं, काकांनीच शिकवलेलं.

"ताई, बाबा म्हणाले होते," ती म्हणाली, "शेजारची ताई येईल, ती कडेनंच धरेल. तिला सांग, आता कसंही धरलं तरी चालतं."

मी तळवा पसरला.